जपानची मंडई

हे प्रकरण मला अजून सोडत नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि त्यातले बहुतेक विसरलो. ही एका पासपोर्टची साधी चौकशी होती, ती मात्र विसरता आली नाही.

गोष्ट ऐंशीनंतरची. पवनी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. त्याआधी पाचेक वर्षं, नवा फौजदार असताना, दिवाळीत रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या जागी याच ठाण्यात पंधरा दिवस काढले होते. या मुलखाशी माझी ओळख तेवढीच.

एके दिवशी टपालात पासपोर्टचा अर्ज पडताळणीसाठी आला. अर्जदार कोंढ्याचा शेतकरी आणि त्याची बायको. आईच्या पासपोर्टवर दहा वर्षांच्या मुलीचं नाव घालायचं होतं. देश, जपान. जाण्याचं कारण, तिथली मनोरंजन बाग पाहणे. आमचे जमादार त्याच भागातले. ते पोट धरून हसले. दोन दिवसांनी मात्र निनावी पोस्टकार्ड आलं आणि हसू थांबलं. त्यावर एवढंच होतं, "कोंढ्याच्या अर्जात जे पोरगी लिवली ते पोरगी घरात नाही. चौकशी करा."

पोलिसाच्या डोक्यात अशा वेळी एकच शंका येते. नसलेल्या मुलीचं नाव पासपोर्टवर चढवायचं आणि त्या नावावर भलतीच मुलगी देशाबाहेर न्यायची. मी जमादारांना घेऊन त्याच दुपारी कोंढ्याला गेलो.

घर नीटनेटकं होतं. अंगणात धानाच्या कोठ्या, ओटा नुकताच सारवलेला. आतल्या भिंतीवर गेरूने मोठा नकाशा काढला होता. दरवाजा, तलाव, घोड्यांचं चक्र, मध्यभागी उंच पाळणा. खाली रंगीत चित्रांचं एक जपानी घडीपत्रक खिळ्याला टांगलेलं. पवनीकडे तेव्हा जपानी भिक्खू आणि त्यांचे पाहुणे येत असत, त्यांच्यापैकी कुणीतरी ते दिलं होतं. नकाशावर तीन ठिकाणी हळदीचे ठिपके होते.

"हे काय?" मी विचारलं.

"कोण कुठं उभं रायचं ते हाये जी," शेतकरी म्हणाला. चाळिशीचा, सरळ मानेचा माणूस. "गर्दीत चुकामूक होते. म्हणून आमी रोज पाठ करतो."

आणि त्यांनी ते माझ्यासमोर केलं. त्याने बायकोला विचारलं, "हरवली तं तू कुठं उभी रायशीन?" ती म्हणाली, "दरवाज्यापाशी." मग तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, "पाळण्यापाशी." मग दोघांनी मिळून, रिकाम्या चटईकडे बघत, तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. आणि गप्प राहिले. लहान मुलाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबले. मग बापाने शाबासकी दिल्यासारखी मान हलवली.

भर दुपार होती, बाहेर ऊन होतं. जमादारांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"तिथं थंडी रायते का जी?" बाईने मला विचारलं. तिच्या मांडीवर मुलीचा नवा फ्रॉक होता, दहा वर्षांच्या मापाचा.

आवाज चढवून काम होणार नाही हे दिसत होतं. बायकोला आत पाठवून मी त्याला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "मुलगी कुठे आहे?"

"हरवली. पाच वर्साची होती तवा. मंडईत." मग तो माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तुमीच तं लिवून घेतलं होतं साहेब. वळखलं नाही काय?"

मला खरंच आठवत नव्हतं. आमच्याकडे रोज कुणीतरी काहीतरी हरवल्याचं सांगायला येतं.

"मग जपान कशाला?"

"पाळण्यापाशी हरवली ना जी. पाळणा कुठं एका जागी रायते? आज या मंडईत, उद्या त्या मंडईत. आमी आजूबाजूच्या मंडया पायल्या, नाही भेटली. हे चित्र पायलं तवा समजलं, सर्वात मोठी मंडई तं जपानात हाये. सारे पाळणे शेवटी तिथंच जात असन. येतानी ते संगं असन, म्हणून तिचं नाव लिवलं."

तो वेडा नव्हता. शेताला त्याने गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, कागद नीट लावले होते. पोरगी सापडेल या एका आशेवर तो सगळं विकायला निघाला होता. मी थोडं चिडूनच म्हणालो, "अहो, पण भाजी मंडईत पाळणा कुठून येणार?"

"भाजीची काहून? मंडई जी. दिवाळीनंतरची मंडई."

मी जमादारांकडे पाहिलं. त्यांनी खाली मान घालून सांगितलं. या भागात दिवाळी झाली की गावोगाव जत्रा भरते. आज एका गावाला, उद्या दुसऱ्या. नातेवाईक येतात, दंडारीचं लोकनाट्य होतं, दुकानं लागतात, लाकडी पाळणे फिरतात. तिला मंडई म्हणतात. भाजीचा तिच्याशी काही संबंध नाही.

ठाण्यात परत येऊन मी जुनी फाइल काढायला लावली. अक्षर माझंच होतं. "मुलगी भंडारा येथील भाजी मंडईतून बेपत्ता." वाचताना आठवलं. मी बापाला विचारलं होतं, किती लांब? तो म्हणाला होता, लांब आहे जी, बैलांच्या खाचराने आलो. भंडारा हे मी माझ्या मनाने जोडलं. ठाणे अंमलदार तेव्हा बंदोबस्तावर गेला होता, म्हणून जबाब मीच लिहिला. शेवटी ठरलेलं वाक्य होतं, "वाचून दाखविले, बरोबर आहे." वाचून मी दाखवलं नव्हतं. रडणाऱ्या माणसाची सही घेतली आणि जीप काढली. पहिला दिवस भंडाऱ्याच्या भाजीबाजारात, दुसरा नागपूरच्या.

"तुम्हाला ठाऊक होतं ना?" मी जमादारांना विचारलं. तेव्हाही ते याच ठाण्यात होते.

"होतं साहेब. मले वाटलं, तुमाले काही खबर भेटली असन."

साहेबाची चूक हाताखालचा माणूस बोलून दाखवत नाही, हे तेव्हा कळलं. त्याला वाटतं, साहेबाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल. मी त्यांच्यावर रागावलो नाही. रागावायला तोंड कुठे होतं?

दिवाळी तीन आठवड्यांवर होती. पहिल्या मंडईपासून आम्ही साध्या कपड्यांत पाळणेवाल्यांना शोधत फिरायला लागलो. मी, जमादार आणि ओळख पटवायला मुलीचा बाप. अड्याळ झालं, आणखी चार गावं झाली. मुलगी हरवली त्या वर्षीचा पाळणेवाला आता इकडे येत नाही, असं जुन्या दुकानदारांकडून कळलं. तो मध्य प्रदेशच्या सीमेकडे फिरतो. मग तुमसर तालुक्यात बपेऱ्याला गेलो. तिथे तो सापडला.

आठ पेट्यांचा लाकडी पाळणा, दोन माणसं हाताने ढकलत होती. मुलांची झुंबड. मी लांबून तीन-चार फेऱ्या पाहिल्या आणि एक गोष्ट खटकली. सात पेट्यांत मुलं होती, आठवी रिकामी. दांडी दोरीने बांधलेली. ती पेटी खाली आली की पाळणेवाला बाकीच्यांसारखीच ती थांबवायचा, कुणी चढायला लागेल तेवढा वेळ थांबायचा, आणि मग हळूच सोडायचा. रांगेतली मुलं तिच्याकडे बघतही नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या बापाने एकाएकी माझी बाही धरली. "साहेब," तो म्हणाला, "ते पेटी खाली काहून हाये?"

मी पुढे जाऊन तेच विचारलं.

"बिघडली हाये जी."

मी पेटी तपासली. फळ्या नव्या, खिळे घट्ट, आत फुलं वाहिलेली. मी दोरी सोडायला हात लावला आणि एवढंच म्हणालो, "मला यात बसायचं आहे."

त्या माणसाने पाळणा थांबवला आणि तो आपणहून बोलू लागला. एक चापट मारावी लागली नाही. पाच वर्षं तो कुणीतरी विचारण्याची वाट पाहत होता.

जबाब मी तिथेच घेतला, शब्द शब्द वाचून दाखवत. त्या दुपारी दंडार सुरू झाली तशी सगळी गर्दी तिकडे गेली. आई बांगड्यांच्या दुकानात होती. पोर एकटीच आणखी एक फेरी मागायला आली, त्याने बसवली. वर गेल्यावर ती आईला हात करायला उभी राहिली आणि मागच्या बाजूला पडली. तो घाबरला. श्वास चालू होता, म्हणून शुद्धीवर येईल या आशेने त्याने तिला गाडीत ताडपत्रीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तीन कोसांवरच्या मंडईत पाळणा उभा केला. पोर गाडीतच होती.

"चमच्यानं पाणी पाजलं जी. एकडाव 'माय' म्हणली. मी रस्त्याकडं पाहून राहिलो होतो. पोलीस येतीन असंच वाटे. आले असते तं देऊन टाकली असती. कोणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली."

त्या दुसऱ्या गावच्या तलावाच्या बांधाखाली, मोहाच्या झाडाशी त्याने तिला पुरलं होतं. तहसीलदारांसमक्ष जागा उकरली, पंचनामा झाला. बापाने बांगड्यांवरून ओळखलं. पाळणेवाल्याला शिक्षा झाली. अर्जावर मुलीच्या नावापुढे मी "मयत" असा शेरा लिहिला. एवढा छोटा शब्द लिहायला मला बराच वेळ लागला.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. पाच वर्षांचं जुनं प्रकरण उघडकीस आणलं म्हणून. नव्या फौजदारांना मी पुढे एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली. जबाब वाचून दाखवा, आणि ज्या गावात नोकरी करता तिथल्या माणसाच्या शब्दाला आपल्या गावचा अर्थ लावू नका. मला हे एका लेकराच्या जिवावर कळलं.

आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. बाप शेजारी बसला होता. ती रडली नाही. म्हणाली, "तुमीच तवा सांगतलं होतं साहेब, सारी मंडई पायली, पोरगी तिथं नाही. म्हणून आमी पाळणेवाल्याले विचारलंच नाही. म्हटलं, दूरच गेली असन."

मग मी तिला सांगितलं. मी कुठली मंडई पाहिली होती, आणि पोर जिवंत असताना मी कुठे होतो.

तिने ते समजून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. तिने फक्त विचारलं, "मंडई म्हणजे काय, हे तुमाले कोणी सांगतलं नाही काय जी?"

मी म्हणालो, "मी विचारलंच नाही."