बंकटरावांनी लावलेला टीव्ही

बंकटराव आमच्या साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात सव्वीस वर्षं कारकून होते. कोणाचा ऊस कधी लावला, त्यावरून तोडीची पाळी कधी, हे तेच लिहायचे. आधी लावला त्याचा आधी तोडायचा, असा नियम आहे. नियम इतका सुंदर की आम्ही तो फ्रेम करून भिंतीवर टांगलाय. तोडणी मजुरांच्या टोळ्या मात्र संचालकांच्या फडात आधी जातात.

यंदा उमापूरच्या मुक्ताबाईंच्या दोन एकरांची पाळी डिसेंबरात होती. फेब्रुवारी उजाडला, उसाला तुरा आला, वजन घटू लागलं. बाई दर सोमवारी यायच्या.

"बंकटभाऊ, माजा नंबर कावून येईना?"

बंकटराव वही उघडून म्हणायचे, "नंबर तर येऊन गेलाय, बाई."

याहून खरं आणि याहून बिनकामाचं उत्तर मी शेजारच्या टेबलावर बसून कधी ऐकलेलं नाही.

त्याच महिन्यात चेअरमन अभिमन्यूरावांना डॅशबोर्डची हौस आली. शेजारच्या कारखान्याने गेटवर आकडे दाखवणारा मोठा टीव्ही लावला होता, मग आमचं नाक कापलं गेलं. पुण्याच्या दोन कंपन्या आपापलं सॉफ्टवेअर थोडे दिवस फुकट वापरायला देऊन गेल्या. तपासणीसाठी माहिती भरायचं काम बंकटरावांकडे आलं. शहाण्या माणसाने थोडी हातसफाई केली असती. यांनी लावणीची तारीख, तोडीची तारीख, सगळं जसंच्या तसं भरलं.

बैठकीत पहिलं सॉफ्टवेअर लागलं. ते नुसती चित्रं काढायचं: रंगीत गोल, रंगीत खांब, एवढे टन आले. संचालक खूश झाले. दुसरं मात्र चौकशीखोर निघालं. नकाशातल्या गावावर बोट ठेवलं की शेत दिसायचं, शेतावर ठेवलं की मालक आणि पाळी. पाळी उलटून गेलेलं शेत लाल, पाळीआधी तोडलेलं हिरवं. नकाशा लालभडक झाला. हिरवे ठिपके एकवीस होते. खोलीत संचालकही एकवीस होते.

"दुसरं लई किचकट हाय," व्हाइस चेअरमन आदिनाथराव म्हणाले. "शेतकऱ्याला समजायचं न्हाई."

"साहेब, मला तर बघताच समजलं," बंकटराव म्हणाले.

"पयल्याचे रंग बरे हायेत," चेअरमननी निकाल दिला. "तेच घ्या. अन् टीव्ही सोमवारी चालू पायजे."

आता पहिल्याची फुकटची मुदत शनिवारी संपली आणि खरेदीचे कागद आठवडाभर हलणार नव्हते. दुसऱ्याची मुदत शिल्लक होती. सोमवारी सकाळी बंकटरावांनी जे चालत होतं ते गेटवर लावलं. मी शेजारी उभा राहून खिशातला रुमाल शोधत होतो, याची मला आजही लाज वाटते.

मुक्ताबाई टीव्हीसमोर थांबल्या. "लाल ते माजं का?"

"हो, बाई."

"अन् शेजारचं हिरवं कोणाचं?"

विचारलं म्हणून बंकटरावांनी नाव वाचलं. मग मागच्याने विचारलं, मग त्याच्या मागच्याने. दुपारपर्यंत एकवीस नावं वाचून झाली. संध्याकाळी मुक्ताबाईंच्या फडात टोळी उतरली. दुसऱ्या दिवशी टीव्ही तांत्रिक कारणाने बंद पडला आणि बंकटरावांची बदली बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, गोदामात झाली. कारण तांत्रिकच असावं.

आता गेटवर पहिलं सॉफ्टवेअर चालतं. रंग खरंच बरे आहेत. शेतकरी त्याच्याकडे पाठ करून मला विचारतात, "बंकटभाऊ कुठं बसतेत?" मी गोदामाकडे बोट दाखवतो. तिथे पोत्यांवर बसून ते प्रत्येकाला त्याची पाळी तोंडपाठ सांगतात, आणि विचारलं तर शेजाऱ्याचीही.