छायाची गाडी

नणंदेनं भावजयीचं कौतुक केलं की आमच्याकडच्या बाया आधी आभाळाकडे बघतात, सूर्य कुठून उगवलाय म्हणून. बघू द्या. छाया ही माझ्या धाकट्या भावाची, कैलासची बायको. बारा वर्षं एसटीत कंडक्टर होती आणि आता वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत, राहत्या घरात पाळणाघर चालवते. तिच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मार्क देताना माझा हात आखडता असतो, हेही सांगून ठेवते.

तिची गोष्ट सांगायची तर आमच्या बाबांपासून सुरू करावी लागते. बाबा म्हणजे रूपराव, पुलगावला चिकटलेल्या नाचणगावचे शेतकरी. जुन्या चालीचा माणूस. आमच्या घरी सुनेनं सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट बोलायचं तर मुळीच नाही. छायाला बाबांना चहा विचारायचा असला की ती कैलासला म्हणायची, "मामाजीले इचारा, चहा ठेवू काय?" बाबा समोरच बसलेले असायचे. तेही कैलासला सांगायचे, "सूनबाईले म्हना, ठेवा." त्यांची मुलगी इला झाल्यावर तर हे सगळे निरोप पाळण्यातल्या सहा महिन्यांच्या पोरीमार्फत जायला लागले. मी हसायची आणि आईच्या शिव्या खायची.

पण याच बाबांनी, इला होण्याच्या कितीतरी आधी, पेपरात कंडक्टर भरतीची जाहिरात पाहिली आणि कैलासला बजावलं, "सूनबाईले म्हना, फारम भरा." सून बी.ए. झालेली आहे, तर तिला चुलीपुढे काऊन बसवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. तिला नोकरी लागली तेव्हा पारावरचा एकजण बोललाच, "रूपराव, सून आता गडीमानसाईत धक्के खाईन." बाबा म्हणाले, "खाईन कायले? धक्के मारनाऱ्याले उतरवून देईन."

आणि तसंच झालं. छायाचा आवाज मुळातच खणखणीत. खाकी ड्रेस चढवला, खांद्याला बिल्ला लावला, की तिच्यातली पदरवाली सून कुठल्या कुठे जायची. तिची ड्युटी वर्धा-पुलगाव गाडीवर असली की बाबा धुतलेलं धोतर नेसून पुलगावच्या स्टँडवर हजर. वर्ध्याला काम काय? काही नाही. वर्ध्याच्या स्टँडवर एक चहा प्यायचा आणि त्याच गाडीनं परत यायचं. गाडीत ते तिला सूनबाई म्हणत नसत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "कंडक्टरबाई, एक वर्धा द्या. पूरं."

"आजोबा, तुम्हाला अर्धं लागतं," ती म्हणायची.

"अर्धं म्हाताऱ्याईले द्या. मले पूरं फाडा."

"बरं, पूरं घ्या. पण दारात उभं राहू नका. पुढं सरका."

आणि आमचे बाबा, ज्यांना आईसुद्धा कधी पुढं सरका म्हणाली नाही, ते मुकाट्यानं पुढं सरकायचे. मिशीतल्या मिशीत हसत. एकदा मी त्याच गाडीत होते. पाऊस-पाणी, बैलाचं दुखणं, कापूस वेचायला न मिळणाऱ्या बाया, सगळ्या गप्पा तिकीट फाडता फाडता चालल्या होत्या. घरी एक शब्द न बोलणारी ही दोघं गाडीत बापलेकीसारखी बोलत होती. देवळी आली तरी त्यांचं संपेना. तेव्हा मला कळलं की बाबा वर्ध्याला का जातात. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

इलाला आमची आई सांभाळायची. मनकर्णाबाई नाव तिचं. ती नाचणगाव सोडून नातीसाठी बोरगावला येऊन राहिली होती. इला तीन वर्षांची होत आली आणि आई गेली. कैलास कॉलेजात क्लार्क, त्याचं ऑफिस दिवसभराचं. छायाच्या ड्युट्या कधी पहाटेच्या, कधी मुक्कामाच्या गाडीवर. एक शेजारीण पोर सांभाळायला तयार झाली. एक दिवस त्या बाई कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या आणि दाराला कडी लावायची राहिली. इला एकटीच चालत मेन रोडपर्यंत गेली. एका भाजीवाल्यानं तिला उचलून घरी आणलं म्हणून निभावलं.

हे सांगणारा कैलासचा फोन आला तेव्हा छाया कारंजा घाडगेच्या स्टँडवर होती. गाडी परतीची, खचाखच भरलेली. पोरगी सुखरूप आहे असं कैलासनं सांगितलं होतं, पण आईच्या जिवाला ते कसं पटणार? कंडक्टरला भरली गाडी सोडून उतरता येत नाही. तिनं बेल मारली आणि गाडी आणली. तिचा ड्रायव्हर चंद्रभान मला नंतर म्हणाला, "ताई, पूरा रस्ता बाई सीटवर टेकली नाई. पन एक तिकीट चुकलं नाई का एक स्टॉप चुकला नाई." डेपोत हिशोब देऊन ती घरी आली, इलाला छातीशी धरून रडली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आली.

मग काय विचारता! सरकारी म्हणावी अशी नोकरी सुटली म्हटल्यावर लोक घरी असे यायला लागले, जसे कुणी गेल्यावर बसायला येतात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे तिला तोंडावर ऐकवणारे निदान दहा जण होते. पळतं तर अजून दिसतही नव्हतं. ते महिनाभरानं आलं. चार घरं सोडून राहणारी वर्षाली दवाखान्यात नर्स आहे. ती आपल्या अनयला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "छायाताई, तुम्ही ठेवून घेतलं तर माझी नोकरी राहील. नाहीतर मीही सोडते." छाया मला म्हणाली, "ताई, माही बेल तं सुटली हातातून. हिची काऊन सुटू द्यू?" त्या दिवशी पाळणाघर सुरू झालं.

राजीनाम्याचं आणि पाळणाघराचं बाबांना सांगायला ती स्वतः नाचणगावला गेली. स्वयंपाकघराच्या दाराशी पदर घेऊन उभी राहिली. कैलास बोलला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "लोकाईच्या पोराईचं शी-शू काढाले नोकरी सोडली?" आणि उठून वावरात निघून गेले.

छायाकडे उत्तर होतं. तिच्याकडे नेहमीच असतं. पण ती घरात होती, गाडीत नव्हती. भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "ताई, गाडीत असती न, तं बोलली असती मी मामाजीसंग. आता कुठी बोलू?" नोकरी गेल्याचं तिला इतकं वाटलं नाही. बाबांशी बोलायची तिची एकुलती एक जागा गेली, याचं तिला वाटलं. बाबांच्या रागापेक्षा ते वाईट होतं.

त्यानंतर बाबा बोरगावला फिरकले नाहीत. गावात कुणी विचारलं की म्हणायचे, सुनेची बदली झाली, नागपूर रूटवर असते. माझ्या बापाला खोटं बोलता येत नाही, हे आख्ख्या नाचणगावाला ठाऊक आहे. लोक मान डोलवून पुढे जायचे. गंमत अशी की संध्याकाळी ते पुलगावच्या स्टँडवर जायचेच. गाडीत चढायचे नाहीत. चहाच्या टपरीवर बसून गाड्या येताना-जाताना बघायचे आणि अंधार पडला की घरी.

इकडे छायाचं पाळणाघर रांगेला लागलं. हळूहळू सात पोरं झाली. शिक्षिकेचं, बँकेतल्या बाईचं, शिवणकामाला जाणारीचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हसून हसून पोटात दुखायला लागलं. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक मांडलेल्या, वर दोरी ताणलेली, दोरीच्या टोकाला सायकलची घंटी. पोरं प्रवासी. जेवायला जायचं असो की झोपायला, आधी गाडीत बसायचं, तिकीट घ्यायचं आणि मग घंटी. तिकिटं म्हणजे जुन्या कॅलेंडरचे तुकडे. "रडणाऱ्याला खिडकीची जागा," असा तिचा नियम. खिडकीशी बसलेलं पोर रडायचं विसरतं, हे बारा वर्षं पाहिलंय म्हणते. कुणाला उलटी होणार आहे, हे ती पोराच्या आधी ओळखते. आणि एक नियम दगडावरची रेघ. ज्यानं पोर आणलं त्यानं न्यायचं. दुसरं कुणी येणार असेल तर सकाळीच नाव सांगून जायचं.

या नियमावरून भांडण झालं. ऋग्वेद नावाच्या पोराचा मामा, मुकेश, एका दुपारी मोटारसायकलवर आला. पोर न्यायला आलो म्हणाला. तोंडाला वास येत होता आणि एक पाय व्हरांड्याच्या पायरीवर. छाया दारात आडवी उभी राहिली.

"पायरीवरून खाली उतर आधी. खाली उतरून बोल."

"मी मामा हावो त्याचा!"

"असशीन. त्याच्या मायनं सकाळी तुयं नाव सांगतलं नाई."

"मोठी सरकारी बाई समजते काय सोताले? पोरं सांभाळनारी तू!"

"हाव, सांभाळनारीच हावो," ती म्हणाली, आणि तिचा तो स्टँडवरचा आवाज पार शेवटच्या घरापर्यंत गेला. "म्हणूनच देत नाई. उतर!"

गल्ली जमली. मुकेशची पाचावर धारण बसली आणि तो मोटारसायकल ढकलतच निघून गेला. ऋग्वेदची आई संध्याकाळी आली, तिला हे कळलं, आणि ती छायाच्या गळ्यात पडून रडली. त्या अवस्थेत पोर त्याच्या मोटारसायकलवर बसलं असतं तर, हा विचार तिला सोसवेना. त्या दिवसापासून गल्लीत "पोरं सांभाळणारी" हा शब्द कुणी नाक मुरडून उच्चारला नाही.

त्या दुपारी चंद्रभान साप्ताहिक सुट्टी म्हणून इलाला संत्री द्यायला आला होता. त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी पुलगावला लागली, तर टपरीवर बाबा बसलेले. त्यानं सांगितलं, "दादा, गाडीच्या दारात उभी राहे न, तशीच उभी होती बाई. तसूभर हालली नाई. पोरगं देलं नाई म्हनजे नाई." बाबांचा चहा तसाच थंड झाला म्हणे.

रात्री मला बाबांचा फोन. "मीरे, तुले सुट्टी कवा हाये?"

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं एसटीत बसलो. एका पोरसवदा कंडक्टरनं बाबांचं कार्ड पाहिलं आणि फुकटचं तिकीट दिलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आता तिकिटाचे पैसे लागत नाहीत. बाबांनी ते निमूट घेतलं आणि बाहेर बघत बसले.

आम्ही पोचलो तेव्हा छायाची गाडी सुटायच्या बेतात होती. ओढणी कमरेला बांधलेली, डोकं उघडं, आणि ओरडत होती, "चला पुलगाव, देवळी, वर्धा!" मग तिला फाटकात बाबा दिसले. तिचा हात सवयीनं ओढणीकडे गेला. इला "आबा!" म्हणून ओरडली. मला वाटलं आता ही आत पळणार, आणि मग इलाच्या तोंडून चहाचे निरोप सुरू होणार.

बाबा चपला काढून व्हरांड्यात आले. शेवटच्या खुर्चीमागे उभे राहिले, घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "कंडक्टरबाई, जागा हाये काय?"

छायाचा हात तिथंच थांबला. डोळे भरले होते, पण आवाज आला तो स्टँडवरचाच. "आहे. दारात उभं राहू नका, आजोबा. पुढं सरका. कुठं जायचं?"

"एक वर्धा."

"पंचाहत्तरच्या वर फुकट आहे आता."

"फुकट नाई पायजे. मले पूरं फाडा."

तिनं कॅलेंडरचा तुकडा फाडला, पण हातात दिला नाही. दोन वर्षं अडकून पडलेलं उत्तर होतं ते आता आलं. "आधी ऐकून घ्या, आजोबा. ही सरकारी गाडी नाही. लोकाईच्या पोराईची गाडी आहे. शी-शूही काढावं लागतं इथं. चालत असेल तर बसा."

बाबांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. इतक्या वर्षांत गाडीबाहेर पहिल्यांदा.

"चालते," ते म्हणाले. "मी चुकीचं बोललो होतो, बाई. द्या तिकीट आन मारा बेल. पोरं खोळंबली."

ते त्या इवल्याशा खुर्चीत कसेबसे बसले आणि अनय लगेच त्यांच्या मांडीवर चढला. छायानं घंटी दोनदा वाजवली. ओढणी कमरेलाच राहिली. तेव्हापासून ती दोघं घरातही थेट बोलतात, भांडतातही, आणि इलाला आता निरोप्याचं काम उरलेलं नाही.

परवा नाचणगावच्या पारावर कुणीतरी खोड काढली, "काय रूपराव, सून अजून नागपूर रूटवरच काय?" मी शेजारच्या दुकानात होते, माझ्या कानांनी ऐकलं.

बाबा म्हणाले, "नाई. तिची आता सोताची गाडी हाये, बोरगावले. हालत नाई ते जागेवरून. पन सात बाया तिच्या भरवशावर रोज कामावर पोचते."