रविवारची दाढी

जेवणाच्या सुट्टीत तो आधी डबा उघडायचा आणि मग डोळे मिटायचा. हा क्रम लक्षात घ्या. देवाचं नाव घ्यायचं तर माणूस आधी घेतो, मग झाकण काढतो. याचं उलट. उघड्या डब्यासमोर डोळे मिटून बसलेला माणूस म्हणजे आमच्या टेबलाला आमंत्रणच! तेवढ्या वेळात त्याच्या अंड्याच्या पोळीचे दोन-तीन तुकडे हमखास नाहीसे व्हायचे.

शेवटी मीच म्हटलं, "फादर, आधी डोळे मीट, मग डबा उघड. निदान जेवण तरी वाचेल तुझं."

"न बघता आभार मानू?" तो म्हणाला. "काय दिलंय ते आधी बघायला नको?"

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यात अंड्याची पोळी जास्त येऊ लागली. चोरी त्याला ठाऊक होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विक्रोळीच्या एका कारखान्यात आम्ही दोघं लेथ मशीनवर होतो. तो मूळचा नगरकडचा, मराठी ख्रिस्ती. आम्ही त्याला फादर म्हणायचो. "अरे, फादर लग्न करत नाहीत, मला तीन पोरं आहेत. आणि आमच्यात पाळक असतात," असं तो वर्षभर समजावत राहिला आणि मग हाकेला ओ देऊ लागला. त्याचा एक शब्द ठरलेला होता: भरून पावलो. आपण हा शब्द वैतागून वापरतो. तो अगदी सरळ अर्थाने वापरायचा. कटिंग चहा मिळाला, भरून पावलो. पाऊस थांबला, भरून पावलो.

मला दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावायची खोड पहिल्यापासून. या माणसाला भरून पावायला एवढं काय मिळालंय, हे मला कळेना. खोली आमच्यासारखीच, पगार आमच्यासारखाच, आणि डोक्यावर साहेबही तोच.

साहेबाबद्दल सांगायला हवं. आमच्या खात्याचा हा सुपरवायझर मुलुंडला राहायचा. त्याचा आवाज सगळ्या मशिनांच्या वर ऐकू यायचा. एकदा मोजमापाचं एक महागडं हत्यार सापडेना, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत फादरचा डबा उपडा केला. "देवाचं नाव घेणारेच चोर असतात," म्हणाला. हत्यार संध्याकाळी साहेबाच्याच खणात मिळालं. चूक झाली, एवढंसुद्धा त्याने म्हटलं नाही. फादरने खाली सांडलेला भात एकेक शीत करून डब्यात गोळा केला होता. त्या दिवशी भरून पावलो वगैरे काही नाही. 

पुढे साहेब आजारी पडला आणि महिनोन्‌महिने कामावर आलाच नाही. कुणी चौकशीही केली नाही. त्यातच आमचा संप सुरू झाला. फाटकासमोर मंडप पडला, आणि एक दिवस बातमी आली की फादर दर रविवारी साहेबाच्या घरी जातो.

संपात माणसं आधीच चिडलेली असतात. फादर कंपनीचा खबऱ्या, असं ठरायला एक दुपार पुरली. त्याच्याशी बोलणं बंद झालं. मंडपात तो येऊन बसला की शेजारची सतरंजी रिकामी व्हायची. तरी तो रोज येऊन बसायचा.

मला काही राहवेना. एका रविवारी आग्रा रोडला तो चर्चहून येताना दिसला तसा मी त्याला गाठला आणि बरोबर चालू लागलो. मुलुंडपर्यंत तो पायीच जायचा. कांजूरमार्ग मागे पडलं तरी तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता.

"कुणाशी बोलतोयस?"

"येशूशी. भांडण चाललंय."

"कशावरून?"

"साहेबावरून. त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा होत नाही रे अजून. तो सांडलेला भात आठवतो. भांडुपपर्यंत भांडतो मी दर वेळी. नाहूरला जरा थकतो. मुलुंडला पोचेपर्यंत माणसात येतो."

"मग जातोस कशाला?"

त्याने समोरून आलेली हातगाडी जाऊ दिली. मग म्हणाला, "पूर्वी मला रविवार खायला उठायचा. नोकरी होती, खोली होती, बायको चांगली होती, तरी सुट्टीच्या दिवशी आतून सगळं रिकामं. चर्चला जायचो, नावापुरता. एकदा पाळकांनी एका आजारी म्हातारीकडे पाठवलं, भाकरी पोचवायला. तिची नखं वाढली होती, ती कापून दिली. आणि तिथे मला वाटलं, येशू आधीच येऊन बसलाय तिच्या खाटेशी. चर्चमध्ये कधी वाटलं नव्हतं एवढं जवळ. तेव्हापासून मी त्याला भेटायला जातो. आजारी माणूस कोण आहे, हे तो ठरवतो. या वेळी त्याने साहेब काढला, त्याला मी काय करू?"

हे त्याने इतक्या वैतागून सांगितलं की मला हसू आलं. पण खरं सांगतो, हेवाही वाटला. मला असं हक्काने काम सांगणारं कुणी नव्हतं.

साहेबाच्या इमारतीखाली तो थांबला. "तू वर येऊ नकोस," म्हणाला. मी खालीच रेंगाळलो. थोड्या वेळाने साहेबाच्या बायकोने गॅलरीतून हाक मारली, "अहो, जरा वर येता का? हे घसरलेत खुर्चीतून, एकट्याने उचलत नाहीत."

वर गेलो आणि थिजलो. साहेबाची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. तोंड वाकडं झालं होतं. आम्ही दोघांनी धरून त्याला खुर्चीत बसवलं, तेव्हा तो काहीतरी बोलायला गेला. "ब… ब…" याच्यापुढे त्याचा आवाज जाईना.

बाईंनी हात जोडले. "बाहेर कुठे बोलू नका. आजारी आहेत एवढंच कळवलंय कंपनीत. नोकरी गेली तर काय करायचं? मुलीचं लग्न ठरलंय हो."

फादरने खिशातून दाढीचं सामान काढलं. साबण लावता लावता तो साहेबाला आठवड्याच्या बातम्या सांगू लागला. पाण्याची बोंब, कांद्याचा भाव. संपाबद्दल एक शब्द नाही. हे एवढंच त्याचं गुपित होतं. ज्याला बोलताच येत नाही, त्याला खबर दिली तरी तो ती पुढे कुणाला सांगणार?

त्याच आठवड्यात युनियनचा पुढारी दळवी याने त्याला मंडपात उभं केलं. दळवी मालवणचा, माणूस सरळ, पण तापट.

"साहेबाकडे जातंस?"

"जातो."

"कित्याक?"

"दाढी करायला."

मंडप हसला. "न्हावी झालंस काय रे? आणि सायेब काय बोलता तुझ्याकडे?"

"काही नाही. मीच बोलतो."

आता हसणंही थांबलं. मी उठलो. फादरने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्याचं नाव युनियनमधून काढलं. संप मिटल्यावर कामावर कोण परत जाणार हे युनियन ठरवणार होती, म्हणजे त्याची नोकरी गेल्यातच जमा. तीन पोरांचा बाप. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "एका वाक्यात सुटला असतास."

"त्या पोरीचं लग्न मोडलं असतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता. त्यालाही भीती वाटतच होती.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्याच्याबरोबर गेलो. साहेबाच्या एका गालाची दाढी झाली होती. फादर गरम पाणी आणायला आत गेला, तेवढ्यात मी साहेबाच्या कानाशी वाकलो. "साहेब, तुमच्याकडे येतो म्हणून याला युनियनने काढलंय. खबऱ्या म्हणतात. तुमचं गुपित त्याने कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाणार त्याची."

साहेबाने डोळे मिटून घेतले. फादर पाणी घेऊन आला, तर साहेबाने डाव्या हाताने त्याचा ब्रश बाजूला सारला. मग खुंटीवरच्या शर्टाकडे बोट दाखवलं. मग दाराकडे.

"काय केलंस तू?" फादर माझ्यावर कडाडला. त्याला असं चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाहेर बोलू नका म्हणाल्या. मी आत बोललो."

बाई रडू लागल्या. नको नको म्हणाल्या, मुलीचं नाव घेतलं. साहेब हट्टाने खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत राहिला. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, जाऊ दे त्यांना," आणि खाली जाऊन तिनेच टॅक्सी थांबवली.

फाटकासमोर टॅक्सी उभी राहिली. घोषणा देणारे लोक साहेबाला बघून पुढे सरसावले आणि जवळ येताच गप्प झाले. आम्हा दोघांच्या आधाराने तो उभा होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर आठवड्याचे पांढरे खुंट, साबण वाळलेला. त्याने तोंड उघडलं. "ब… ब…" लाळ हनुवटीवर आली. मग त्याने डावा हात उचलला, फादरच्या छातीवर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. एवढं त्याला सांगता आलं. त्या मंडपात ते सगळ्यांना ऐकू गेलं.

 फादरने रुमालाने साहेबाची हनुवटी पुसली.

"उन्हात कशाला उभं करताय त्यांना?" तो म्हणाला. "खुर्ची आणा कोणीतरी."

दळवीने स्टेजवरची स्वतःची खुर्ची आणली. मग पिंपातून तांब्याभर पाणी भरून तो फादरच्या शेजारी येऊन उभा राहिला. फादरच्या हातून उरलेल्या गालाची दाढी होईपर्यंत तो तांब्या त्याने धरून ठेवला होता.