जमनी याडीच्या बलिया

घाटंजीजवळच्या तांड्यावरच्या आमच्या शाळेत जेवणाची घंटा कधी वाजलीच नाही. खिचडी शिजली की जमनी याडी दोन्ही हात पातेल्याच्या काठावर आपटायची. मनगटापासून दंडापर्यंत चढवलेल्या तिच्या रुंद, पांढऱ्या बांगड्या, म्हणजे बलिया, अशा खडखडत की मुलं माझं गणित अर्धवट टाकून पळत. मी चिडायची. ती म्हणे, "मॅडम, उपाशी पोटी गणित कोन्या पोराले आलं?" याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा.

एके दिवशी तिची उजवी पापणी मिटली ती उघडेना. डोकं तर महिनाभर दुखत होतं; ते पदराने आवळून ती चुलीपाशी उभी राहत असे. यवतमाळला तपासलं, तिथून नागपूर. कागद वाचायला म्हणून मी सोबत गेले. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, फुटला असता तर जीव गेला असता. तो इतका मोठा आणि वेडावाकडा होता की चिमटा लावून किंवा आतून तार भरून भागणार नव्हतं. ती वाहिनीच बंद करायची होती. पण त्याआधी मेंदूला रक्त पोचवायला नवा रस्ता हवा, आणि तो डाव्या हातातली रक्तवाहिनी काढून जोडायचा होता. त्यासाठी हात पूर्ण मोकळा हवा होता.

हे ऐकून तिचा नवरा, रामधनबापू, तिच्या बलियांकडे बघत राहिला. नवरा जिवंत असताना बलिया उतरवत नाहीत, आणि या तर कापल्याशिवाय निघणार नव्हत्या. मला त्यांची दया आली. पायातली घेता येणार नाही का, असं मी डॉक्टरांना हळूच विचारलं. पायाच्या शिरा खराब आहेत, प्रयत्न करू, पण भरवसा कमी, असं ते म्हणाले. मी शहाणीसारखं "चालेल" म्हणून मोकळी झाले.

याडी खवळली. ‘मॅडम’वरून ती थेट ‘तू’वर आली. "डोस्कं माहं, हात माहा, अन् चालंन म्हननारी तू कोन? मले काहून नाई पुसलं?" आजही आठवलं की मला लाज वाटते.

मग ती नवऱ्याकडे वळली. एरवी ती त्याच्याशी गोरबोलीत बोले; त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम वऱ्हाडीत बोलली.

"नवरा मेल्यावर बाया काढतात. तू जिता हायस ना? मंग तूच काप. म्हंजे तू जिता हायस हे साऱ्याईले दिसंन."

वॉर्डातल्या मावशीने कुठूनतरी करवतीचं पातं आणून दिलं. बापूंनी एकेक करून डाव्या हातातल्या सगळ्या कापल्या. ती बजावत होती, "सबुरीनं! डाक्टरले शीर साबूत पायजे."

ऑपरेशन दिवसभर चाललं. याडी वाचली, पापणी मात्र अर्धीच उघडली. त्या हातात पुन्हा काही घाल, असं बायका म्हणाल्या की ती मनगटापासून वर गेलेला व्रण दाखवायची. "इथून रस्ता निघाला हाय. रस्त्यावर कोनी घर बांधते काय?"

गेल्या वर्षी बापू गेले. बायका उजव्या हातातल्या बलिया काढायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. याडीने हात मागे घेतला.

"त्याले काढाच्या होत्या तेवढ्या त्यानं सोता काढल्या. ह्या माह्या."

बायका हात न लावताच उठल्या.

तेरावं झालं आणि ती शाळेत आली. दुपारी पातेल्यावर एकाच हाताच्या बलिया वाजल्या. फळ्यावरचं गणित तसंच टाकून मी मुलांच्या आधी धावले.