तळ्याकडचं दार

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत यवतमाळातल्या सरकी काढणाऱ्या जिनिंगा धडाधड बंद पडल्या. आमच्या ह्यांची नोकरी तशीच गेली. भर गावातली खोली परवडेना, म्हणून आम्ही गावाबाहेर लोहारा भागात एका तळ्याच्या काठी टिनाच्या दोन खोल्या घेतल्या. लेक मार्चमध्ये जन्मली होती, अशक्त. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं : हिला उन्हाचा तडाखा बसू देऊ नका.

सांगणं सोपं होतं. मे महिना, वर टिन, आणि ऐन दुपारी भारनियमन. लाइट गेली की कूलर नुसता डबा. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे करतात तेच मी केलं. झळा येऊ नयेत म्हणून सगळी दारंखिडक्या बंद. लेक घामोळ्यांनी लाल झाली, अंग तापलं, दूध पिईना.

समोरच्या घरातली खाला आत आली आणि ओरडलीच. तिचा नवरा कूलर दुरुस्त करायचा.

"अवो, पोरीले उकडून राह्यल्या काय? मागचं दार कायले लावलं?"

"झळा येते ना, खाला."

"झळा रस्त्याकडून येते. इकडं पानी हाये. वारा पान्यावरून येते."

तिनंच कडी काढली. मागे तळं, काठाला उंच लव्हाळं आणि बेशरमाची झुडपं. पश्चिमेचा वारा त्यातून आत आला. गार म्हणता येणार नाही, पण रस्त्यावर भाजणारा तोच वारा इथे सुसह्य होता. दारात ओलं लुगडं टांगलं तेव्हा लेकीला झोप लागली. संध्याकाळी ती दूध प्यायली.

तोवर वस्तीनं तळं बुजवायचं ठरवलं होतं. मच्छर फार, आणि सप्ताहाला मंडप टाकायला जागा हवी. मुरमाचा ट्रकही सांगून झाला होता. पुढारपण एका रिटायर गुरुजींकडे होतं. मी त्यांच्या घरी गेले.

"बाई, त्या डबक्याचं काय कौतुक?" ते म्हणाले.

"कौतुक नाही, गुरुजी. उद्या लाइट गेली की माझ्या मागच्या दारात येऊन बसा. मग खुशाल बुजवा."

"चहा मिळन का?"

"मिळेल."

ते आले, सोबत आणखी दोघं. घोंगडीवर बसले. आधी मच्छरांवर भाषण झालं. मग भाषण मंदावलं. मी चहा घेऊन आले तर गुरुजी भिंतीला टेकून घोरत होते. एक जण हळूच म्हणाला, "उठवू नका. घरी चार दिवसांपासून डोळा नाही लागला त्यायचा."

मुरूम तळ्याऐवजी आमच्या गल्लीत, पावसाळ्यात चिखल होतो तिथे पडला. मच्छरांसाठी दवाखान्यातून गप्पी मासे आणून सोडले, तळ्यात येणारी नाली वळवली. पुढे नगरपालिकेनं तिथे पायवाट केली, बाकं टाकली. आता लोक त्याला बगिचा म्हणतात.

त्या वर्षी जूनपर्यंत लेकीनं चांगलं अंग धरलं. मी खालाचे आभार मानायला गेले, तर ती म्हणाली, "आभार कायचे? माह्या घराले तुमच्या घराची आड हाये, वारा येतच नाही. माही खाट तुमच्या दारात टाकू द्या."

टाकू दिली. पुढचे सगळे उन्हाळे ती खाट तिथेच होती, आणि दुपारी लेक माझ्यापेक्षा जास्त तिच्याच कुशीत झोपली.