कोरडा ब्रश

जावई आला तो सकाळच्या बसनं, आणि आल्या आल्या माझ्या डोक्यात गेला. दुकानासमोर उतरला, बॅग खाली ठेवली, वर माझ्या बोर्डाकडं पाहिलं आणि माझ्या पोरीचं नाव मोठ्यानं वाचलं. वरून हसला. त्या बोर्डावर पोरीचं नाव नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी मीच ते काळं फासून बुजवलं होतं, आणि तेही याच्याचमुळं. दारात पाय ठेवायच्या आधीच टोमणा मारणारा हा गडी आता चार दिवस माझ्या घरात राहणार होता.

मी पेंटर. इंद्रवेल्लीत रस्त्याला लागून घर आहे, पुढच्या खोलीत दुकान. मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, चारही लिप्यांचं वळण माझ्या हातात बसलेलं. एके काळी उटनूरपासून आदिलाबादपर्यंत माझ्या हातचे बोर्ड होते. मग फ्लेक्स आला आणि ज्यांना सरळ रेघ ओढता येत नाही ते दुकानदार झाले. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं नाव आणि शाळेच्या भिंतीवर आंबा, पेरू, केळी, एवढंच काम उरलं आहे.

पोरगी झाली त्या वर्षी मी दुकानाला तिचं नाव दिलं. लोखंडी पत्र्यावर वर तिचं नाव, लाल, आणि खाली 'आर्ट्स'. दसऱ्याला आम्ही ब्रशांची पूजा करतो. पूजा झाली की नव्या ब्रशचा पहिला हात मी तिच्या नावावर द्यायचो. दरवर्षी एक थर. 'आर्ट्स'ला एकदाच रंग दिला, तो तसाच आहे. बायको म्हणायची, त्या नावाचं आता लिंपण झालं. मी ऐकायचो नाही.

तर त्या पोरीनं मंचेरियलला रजिस्टर लग्न केलं आणि झाल्यावर फोन केला. मुलगा तेलुगू, कोळशाच्या खाणीत मोजणीच्या कामावर. मला जातीचा राग आला, भाषेचा आला, आणि खरं सांगायचं तर मला न विचारल्याचा सगळ्यात जास्त आला. त्याच दुपारी काळ्या रंगाचा डबा काढला. डबा संपत आलेला होता, म्हणून टर्पेंटाइन ओतून पातळ केला, शिडी लावली आणि एकच हात फिरवून खाली उतरलो. बोर्डावर नुसतं 'आर्ट्स' राहिलं. लोक विचारायचे, काय, कॉलेज काढलं का? पोरीला कुणीतरी कळवलंच. तिनं आईला फोनवर सांगितलं, "माहं नाव बोर्डावर आल्याबिगर मी त्या दारात पाय ठेवणार नाई." मी बायकोच्या मागून ओरडलो, की या हातानं ते नाव पुन्हा लिहिलं जाणार नाही. झालं. दोन वर्षं ती आली नाही आणि मी लिहिलं नाही.

यंदा धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा पहिला धोंडा, जावयाला वाण द्यायलाच पाहिजे म्हणून बायको हटून बसली. मी म्हटलं, त्या तेलगूवाल्याला धोंडा काय कळतो? ती म्हणाली, "त्याले नाई कळत, पण मले कळते. तुमाले जेवाचं असन तर जेवा, नाईतर बसा बाहीर." पोरीनं नवऱ्याला एकट्याला पाठवलं. तिची अट कायम होती.

दुपारी तेहतीस अनारशांचं ताट समोर आल्यावर तो घाबरून बायकोकडं बघत राहिला. त्याला वाटलं, हे सगळे आत्ताच खायचे आहेत. माझी करमणूक तेवढीच. तो माझ्या पोरीकडून शिकलेली मोडकीतोडकी मराठी बोलायचा आणि मला सासरा म्हणून तेलुगूत 'मामय्या' म्हणायचा. मी मुद्दाम तेलुगूत उत्तर द्यायचो. माझ्या पोरीचे शब्द त्याच्या तोंडात ऐकले की माझ्या अंगाची लाही व्हायची.

जेवण झाल्यावर त्यानं बॅगेतून एक डबा काढला आणि विचारलं, दुकानातलं टेबल वापरू का. डब्यात बाहुल्या होत्या. अंगठ्याच्या पेराएवढ्या, राखाडी प्लास्टिकच्या. भालेवाले, ढालवाले, एक घोडेस्वार. मंचेरियलला हा आणि याचे चार दोस्त दर रविवारी टेबलावर डोंगर-जंगल मांडतात, फासे टाकतात आणि या बाहुल्यांच्या लढाया करतात. फौज आपली आपण रंगवायची असा त्यांच्यात नेम आहे. मी म्हटलं, असला बाप्या माणूस बाहुल्या खेळतो, आणि याच्यासाठी पोरीनं बाप सोडला.

पण खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी कूलरपुढं पडल्या पडल्या मी चोरून त्याचा हात बघत होतो. हात थरथरत नव्हता. फक्त फार वेळ लावत होता. एका ढालीला अर्धा तास! आमच्या धंद्यात एवढ्या वेळात अख्खी बँक लिहून होते. दुसऱ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, दे इकडं एक, दाखवतो रंग कसा देतात.

मी माझा ऑइल पेंट घेतला. बोर्डाचा रंग. आमचा कायदा असा, की रंग भरपूर घ्यायचा, एका हातात झाकायचं, पुन्हा मागं वळून बघायचं नाही. तसंच केलं. तीन मिनिटांत शिपाई लालभडक. ऐटीत त्याच्यापुढं ठेवला. त्यानं उचलून डोळ्यांजवळ नेला, आणि तेव्हा मला दिसलं. त्या शिपायाला चेहरा राहिला नव्हता. नाक, डोळे, मिशा, सगळं रंगात बुडून नुसता एक गोळा झाला होता. बोटंही चिकटली होती.

तो हसला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. तो हसला नाही. हळूच म्हणाला, "चालते, मामय्या. माझा पहिला बी असाच झाला." समजूत घातली मला! चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाची कालच्या पोरानं समजूत घातली. मी तो शिपाई खिडकीत ठेवला आणि दुसरा मागितला. रागानं मागितला. शिकायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं, त्याला गप्प करायचं होतं.

पुढचे दोन दिवस मी माझ्याच टेबलावर शिकाऊ म्हणून बसलो. त्यानं आधी शिपायावर काळा फवारा मारला. मी विचारलं, काळं कशाला करतो? म्हणाला, सुरुवात काळ्यावरूनच करायची. मला वाटलं पुन्हा बोर्डाचाच टोमणा. मी ब्रश आपटून आत गेलो. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काऊन फुगून राह्यले? चोराच्या मनात हाये ते पोराच्या मनात कुठून येईन?" मी पाणी पिऊन परत आलो.

रंग पाण्यानं दुधाइतका पातळ करायचा, एक हात, वाळू द्यायचा, मग दुसरा. माझ्या हाताला हे पटेना. हात सारखा भरून रंग घ्यायला जायचा आणि तो "तोडा कमी, मामय्या" म्हणायचा. दर खेपेला मला तो ब्रश त्याच्या नाकात घालावासा वाटे. दुसरा शिपाई बरा झाला. तिसऱ्याला डोळे आले. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा होता, पण डोळे होते.

पायाखालच्या चकतीवर जमीन करायची होती. त्यानं विकतची वाळू आणली होती. म्हटलं, इथं माती काय कमी आहे? मागच्या वावरातून मूठभर काळी माती आणली, पांढऱ्या गोंदात कालवली आणि पाच चकत्यांवर छान थापली. सकाळी बघतो तर पाचही चकत्या भेगाळलेल्या, शिपाई वाकडे. आमच्या भागात काळ्या मातीनं घरांच्या भिंती फाटतात, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. मला सुचलं नाही. मी उखडून फेकायला निघालो तर यानं हात धरला. "राहू द्या, उन्हाळ्यातला रान दिसते." खरंच दिसत होतं. मी हात सोडवून घेतला. मला तो कचाट्यात सापडायला हवा होता आणि तो सापडतच नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळी, बसला वेळ होता म्हणून, त्यानं घोडेस्वार घेतला. काळा फवारा मारलेला, अजून रंगवला नव्हता. जाड ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि फडक्यावर पुसत बसला. पुसून पुसून ब्रश पार कोरडा केला. आमच्यात कोरडा ब्रश ही शिवी आहे. ज्याचा ब्रश कोरडा, तो कामचोर. मी म्हटलंच, आता काय राहिलं त्यात, धूळ? त्यानं तो कोरडा ब्रश घोडेस्वारावरून नुसता वरवर फिरवला, आणि चिलखताची एकेक कडी, घोड्याच्या आयाळीचा एकेक केस काळ्यातून वर आला. त्यानं काहीच काढलं नव्हतं. जे उंच होतं, तेवढ्यालाच रंग लागला.

मी ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि बाहेर आलो.

बोर्ड पूर्वेला तोंड करून आहे. सकाळचं ऊन त्यावर तिरपं पडलं होतं. काळं फासल्या दिवसापासून दोन वर्षं मी त्या बोर्डाकडं बघितलं नव्हतं. आता बघितलं. काळ्या रंगाखाली नाव फुगून उभं होतं. दरवर्षीचा एक थर, असे पंचवीस थर होते खाली, आणि वर माझा टर्पेंटाइन घातलेला एक पाणचट हात. पोरानं टोमणा मारला नव्हता. त्यानं जे दिसलं ते वाचलं होतं.

मला त्याचा भयंकर राग आला. शिडी आणली. त्यानं न सांगता खालून धरली. मी पांढऱ्यात ब्रश बुडवला, अंगातल्या बनियनला पुसला, पुन्हा पुसला, आणि पत्र्यावरून हलका फिरवला. आधी शिरोरेषा आली. मग काना. मग वेलांटीचा वरचा गोल, मी तेव्हा हौसेनं जरा जास्तच मोठा काढला होता तो. अक्षरं खडबडीत, कुठं तुटलेली. असलं काम माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं. खाली बायको पदर तोंडाला लावून उभी. "आता उतरा, पडसान," एवढंच म्हणाली.

जावयानं फोटो काढून पाठवला. मी शिडीवर असतानाच फोन आला. त्यानं वर हात करून माझ्या हातात दिला. दोन वर्षांनी आवाज ऐकला.

"बाबा, लिवलं तुमी?"

"नाई," मी म्हटलं. "म्या काईच लिवलं नाई. खाली होतंच ते."

मला वाटलं, ही माझी जीत आहे. माझा शब्द मोडला नव्हता, आणि तिची अटही पुरी झाली होती.

ती म्हणाली, "होतंच, हे मले मालूम हाये. बँकेच्या कामानं दर महिन्याले आदिलाबादले जातो मी. सकाळची बस तुमच्या दारावरूनच जाते. खिडकीतून दरवेळी वाचतो. ऊन असलं का सारं नाव दिसते. तुमी खाली खुर्चीवर बसून राह्यता, पेपर घेऊन. दोन वर्षांत एकडाव बी मान वर नाई केली तुमी."

चाळीस वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्यानं मान वर करून वाचावं म्हणून बोर्ड रंगवले होते. शिडीवर ऊन लागत होतं आणि खाली जावई दोन्ही हातांनी शिडी धरून रस्त्याकडं बघत होता, आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत.

पुढच्या रविवारी ती आली. भांडतच आली, बोर्डाखाली उभी राहून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलली, आणि मी उभा राहून सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीतला तो बिनचेहऱ्याचा लाल शिपाई उचलून तिनं विचारलं, हा कोणी बिघडवला? मी म्हटलं, मी.