ताण फक्त पुरुष हवालदारांनाच असतो

“लिव्हर सिरॉसिस आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “किती वर्षं पिताय?”

माझा नवरा महेंद्र मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या खाटेवर पिवळाधमक पडला होता. तशातही म्हणाला, “रोज नाही हो मॅडम. कधीतरी. पोलिसात आहे ना, ड्युटीचा ताण असतो.”

मी हसले, त्याच्या तोंडावर. तो हवालदार, तशी मीही हवालदार. कांजूरमार्गची ड्युटी संपवून खाकीतच आले होते. “रोज पितो,” मी सांगितलं. “लग्नाच्या आधीपासून.”

सिरॉसिस म्हणजे यकृताचा मऊ भाग मरतो आणि तिथे कडक व्रण तयार होतात. मेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळायचं.

सगळ्यात आधी त्याचे पाय सुजले होते. म्हणाला, बूट घट्ट आहेत. मग हात काड्या आणि पोट पुढे. म्हणाला, बंदोबस्ताला बाहेरचं खावं लागतं, गॅस होतो. डोळे पिवळे झाले तेव्हा काळा चष्मा लावून फिरला. आयुष्यभर चोरांचे खोटे जबाब ऐकलेला माणूस, आणि स्वतःचा जबाब इतका भिकार. एका सकाळी घाटकोपरच्या पोलीस लाइनीत, आमच्या मोरीत त्याला रक्ताची उलटी झाली. मग हॉस्पिटलला यायला तयार झाला.

एंडोस्कोपी केली. म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघतात. व्हेरिसेस निघाल्या. यकृतातून रक्त नीट पुढे जाईना की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, त्या ह्या. एक फुटली होती. रबराचे बारीक बँड लावून त्या बांधल्या. मी बाहेर बाकावर बसून होते. रडू आलं नाही. शेजारची बाई म्हणाली, “पोलीस आहात, म्हणून धीर आहे.” धीर कसला, चीड होती.

पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. रोजची दारू एकदम तुटली की डोकं भ्रमात जाऊ शकतं. त्याला विथड्रॉवल डिलिरियम म्हणतात. जीवही जातो त्यात. म्हणून घरच्या घरी बाटली फोडून शपथा घालू नका, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवा.

महेंद्र पलंगावर उठून बसला आणि सलाइनच्या स्टँडवर ओरडायला लागला, “गाडी बाजूला घे! फुंक मार! जोरात!” दहिसरच्या चेकनाक्यावर हा स्वतः दोन पेग लावून दुसऱ्यांच्या तोंडाला मशीन लावायचा. त्याचे हात कापडाने पलंगाला बांधावे लागले.

“ओळखत नाहीस मला?” तो नर्सवर गुरगुरला.

“ओळखते ना,” ती सुई टोचत म्हणाली. “बेड चार.”

तो शुद्धीवर आल्यावर त्याचे साहेब आले. सफरचंदं ठेवली आणि मला समजावलं, “पोलिसांचं आयुष्यच असं आहे बाई. ताण असतो.”

“साहेब, नाकाबंदीला मीपण आठ-आठ तास उभी असते,” मी म्हटलं. “बाथरूमला जायची सोय नसते म्हणून पाणी पीत नाही मी. मला नाही लागत क्वार्टर.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना मिटिंग आठवली.

दुसऱ्या दिवशी तावडे आला, महेंद्रच्या पोलीस ठाण्यातला मित्र. शहाळ्याच्या पाण्याची बाटली उशीजवळ ठेवायला लागला. मी बूच उघडलं. रम.

“वैनी, तेचे हात थरथरतत,” तावडे पुटपुटला. “माका बघवणा नाय. वायच आणलंय.”

मी सगळी बेसिनमध्ये ओतली. “निघा तावडे. मैत्री दाखवायची तर खांदा द्यायला या, लवकरच वेळ येईल.”

“माझ्यार कित्याक चिडतास? तेनाच माका फोन केल्यान.”

मी महेंद्रकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

दिराला खाटेजवळ बसवून मी निघाले ती दोन दिवस तिकडे फिरकले नाही. ड्युटी केली, भाकऱ्या थापल्या, झोपले. खरंच झोप लागली. मग डॉक्टर मॅडमचा फोन आला.

“तुमच्या रागाबद्दल मला काही म्हणायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पण हा आजार आहे. लाज वाटून बरा होत नाही. मनोविकारतज्ज्ञांना बोलावलंय. तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उपचार आम्ही करूच.”

यायलाच पाहिजे, असं त्या म्हणाल्या नाहीत. बहुतेक म्हणूनच गेले.

आता तो पोलीस ठाण्यात टेबलावरचं काम करतो. गोळ्या घेतो, दर आठवड्याला वाकोल्याला व्यसनमुक्तीच्या गटात जातो. तिथे पहिल्यांदा बोलायला उभा राहिला तेव्हा ताणाचं नाव काढलं नाही, असं घरी येऊन सांगितलं. साहेबांच्या पार्ट्या चालूच आहेत. आमच्या लाइनीतल्या बायका नवऱ्याच्या पिण्याबद्दल विचारायला येतात. त्यांना सांगते, डॉक्टरसमोर गॅस, ॲसिडिटी असलं काही बोलू नका. दारू म्हणा. आणि तुम्हाला वीट आला असेल तर तोही लपवू नका. डॉक्टर मॅडमनी मला तेवढी मोकळीक दिली, ते उपकार मी विसरणार नाही.

परवा जेवताना महेंद्रने एकदम विचारलं, “अजून किळस येते ना माझी?”

“येते,” मी म्हटलं. “रोज नाही आता.”

त्याने मान हलवली. त्याची पथ्याची बिनमिठाची भाजी ताटात वाढून घेतली आणि खाली मान घालून सगळी संपवली. मी बसून राहिले त्याचं होईपर्यंत.